न घोटलेली जागा

१

मामाच्या ऑफिसात दोन नियम होते आणि ठिणगीला दोन्हींचा राग होता.

पहिला उजेडाचा. कागदावर उजेड नेहमी डावीकडून यायचा. घर असो, पूल असो, झाड असो, सावली उजवीकडेच पडली पाहिजे. "खरा सूर्य तिथे कुठे असतो ते बघायचं नाही का?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मामा चष्मा पुसत म्हणाला होता, "सूर्य फिरतो गं बाई. त्याच्या मागे लागलीस तर चित्र कधी पुरं व्हायचं?"

दुसरा नियम खरवडण्याचा. हे ऑफिस अजून ट्रेसिंगच्या दुधी कागदावर शाईने काम करायचं. कुणालाही कुठे काही बांधायचं असलं, की त्या जागेची आजची स्थिती दाखवणारा देखावा परवानगीच्या सुनावणीत मांडावा लागे, आणि मामाचं म्हणणं असं की संगणकावरच्या चित्रावर आता शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. हाताने काढलेलं बघितलं की माणसाला वाटतं, कुणीतरी तिथे जाऊन, बसून, डोळ्यांनी बघून आलंय. त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा होता.

तर शाईची रेघ चुकली की तिथे रबराचं काही चालत नाही. अर्धं ब्लेड आडवं धरायचं आणि शाई हलक्या हाताने खरवडून काढायची. शाई निघते, पण तिच्याबरोबर कागदाचं वरचं कातडंही निघतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं: तिथे बारीक लव उभी राहिलेली असते. ती नखाने घासून घासून बसवायची, गुळगुळीत करायची. याला घोटणं म्हणतात. न घोटता वरून शाई लावली की शाई फुटते. रेघेला केस फुटतात, केसांना केस फुटतात आणि शेजारी जे काही धडधाकट काढलेलं असेल ते त्यात ओढलं जातं.

"घोट गं, घोट," मामा तिच्या मागून जाता जाता म्हणायचा. "तुला दर गोष्टीची घाई. आईच्या पोटातूनसुद्धा दिवस भरायच्या आधी आलीस."

ठिणगी हे नावही त्यानेच ठेवलेलं. ही पोर जिथे बसेल तिथे काहीतरी पेटतं, म्हणून. चित्रकलेची पदवी घेतल्यावर ती मामाच्या ऑफिसात आली, तेव्हा मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं. डोंगर कापणाऱ्यांसाठी चित्रं काढणार तू? पण तिने मनाशी हिशेब पक्का केला होता. चित्र खोटं असलं की जागा जाते. मग खरं चित्र काढणारं कुणीतरी आत नको का?

तिला मिळालेलं पहिलं मोठं काम तिच्या घरामागच्या उताराचं निघालं. वाहनतळ करायचा होता तिथे.

२

त्या उतारासमोर ती रोज स्टूल टाकून बसली. फोटो काढून त्यावरून गिरवणं तिला लबाडी वाटे, म्हणून एकही फोटो काढला नाही. झाडं मोजली नाहीत, ओळखून घेतली. डावीकडची पोरकट, एकमेकांच्या अंगावर रेललेली. वरच्या अंगाला एक वाळकं, ज्यावर पक्षी बसायचे. आणि मधोमध ते मोठं, ज्याची एक फांदी खाली येऊन कोपरासारखी वाकली होती. घरात त्याला कोपर असंच म्हणत.

कोपर आईचं होतं. आई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचपट्ट्यांवरचं रक्त सूक्ष्मदर्शकातून बघायची. सुटली की घरी येण्याआधी उतारावर जाऊन त्या बुंध्याला तळवा टेकून उभी राहायची, नुसती वर बघत. "डोळे धुऊन येते," म्हणायची. घरात दोघीच होत्या. आईचा मूड त्या झाडाखाली ठरायचा, हे ठिणगीला लहानपणापासून माहीत होतं.

देखाव्यात झाडांची उंची कळावी म्हणून एक माणूस काढायची पद्धत असते. मापाचा माणूस. ऑफिसातला कंपास (पाय लांब आणि फेंगडे, म्हणून कंपास) गेली कित्येक वर्षं एकच टोपीवाला काढत आला होता. पुलावर तोच, शाळेबाहेर तोच. ठिणगीने आईला काढलं. खांद्याला पिशवी, मान वर, एक तळवा कोपराच्या बुंध्यावर.

चित्र पुरं झाल्यावर एका सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा कागद खिडकीच्या काचेला लावलेला होता आणि मागून ऊन येत होतं. कोपर नव्हतं. त्याच्या जागी धुरकट पांढरा डाग होता, आणि डागाच्या कडेला आई उभी होती. मान वर. तळवा हवेत टेकलेला.

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच. काल बसून. बघ कसं साफ उतरलंय, वण नाही. घोटायचं तेवढं राहिलंय."

"झाड खोडलंस तू!"

"झाडाचं चित्र."

"सुनावणीत चित्र म्हणजेच झाड! चित्रात नाही ते तोडायला परवानगीच लागत नाही. तूच शिकवलंस मला हे."

"शिकवलंय ना? मग कशाला विचारतेस?" मामा शांतच. त्याच्या या शांतपणाने तिच्या कानशिलात ठणकायला लागायचं. "छोटी झाडं ठेवलीत की मी. हिरवंगार दिसतंय. एवढं एक मधे अडत होतं. परवा सुनावणी आहे, उद्या संध्याकाळी माणूस येईल कागद न्यायला. आणि तो मापाचा माणूस खरवड. झाड नाही तर माप कशाचं? शिवाय माणूस दिसला की लोक म्हणतात, इथे कुणीतरी जातं-येतं."

"ती आई आहे."

मामाने चष्मा वर सरकवला आणि कागदाच्या अगदी जवळ नाक नेलं.

"ताईच की," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "पिशवीसकट. मग बाई, माझ्याच्याने नाही व्हायचं हे. तूच कर उद्या."

"एवढी लाज वाटते तर झाडाची का नाही वाटली?"

"कंपास," मामा म्हणाला, "हिला पाणी दे जरा."

३

दुपारच्या सुट्टीत ती तणतणत उतारावर गेली. डोक्यात सगळं तयार होतं. कोपराचे फोटो काढायचे, चारही बाजूंनी काढायचे, मैत्रिणींना बोलवायचं, सुनावणीच्या टेबलावर ते फोटो आपटायचे आणि वर म्हणायचं की हे चित्र मीच काढलंय आणि ते खोटं आहे.

कोपर नव्हतं.

आधी तिला वाटलं आपण पलीकडच्या वाटेने आलो. डावीकडची पोरकट झाडं होती. वरचं वाळकं होतं. मधे मोकळं आभाळ होतं.

"तोडलं," ती मोठ्याने म्हणाली. "तोडलं हरामखोरांनी." रागाने तिला घाम फुटला. परवानगीचीसुद्धा वाट बघितली नाही! ती धावत वर गेली आणि बुंधा शोधायला लागली. बुंधा नव्हता. भुसा नव्हता. मुळं उपटली म्हणावं तर खड्डा नव्हता. एक फांदी, एक पान पडलेलं नव्हतं. त्या थोराड झाडाची गाडी भरून नेली असती तर चाकांच्या खुणा तरी असत्या. गवत जसंच्या तसं उभं होतं, आणि गवताच्या मधे एक मोकळी जागा होती. ओबडधोबड, लांबट. जमिनीवर पडलेल्या झाडाच्या आकाराची.

तिथली माती जरा पांढुरकी दिसत होती. निस्तेज. उन्हात बाकीची जमीन चकाकत होती, एवढी जागा चकाकत नव्हती.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने बोट फिरवलं.

मातीला लव होती. बारीक, मऊ, उभी राहिलेली. बोटाला लागल्याबरोबर तिच्या हाताने ती ओळखली, डोक्याला कळायच्या आधी. आणि तिचं नख आपोआप त्या मातीवर पुढे-मागे घासू लागलं, जसं रोज दिवसभर घासायचं तसं. नखाखालची जागा गुळगुळीत झाली. चकाकू लागली.

तिने हात झटकन मागे घेतला आणि पायाला पुसला.

यंत्र असेल काहीतरी, तिने स्वतःला बजावलं. आजकाल मुळासकट खेचून वर जमीन सारखी करणारी यंत्रं असतात. कोरडी माती, वरून दाबलेली, लागते तशी हाताला. खाली उतरताना ती एवढंच घोकत होती. आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही, याचा तिला घरी पोचल्यावर फार राग आला.

४

संध्याकाळी ती आईला गाठायला पुन्हा तिथे गेली. आई नेहमीच्या जागी उभी होती. डाव्या हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेत होती.

"उकडतंय आज," आई म्हणाली. "इथे एखादं झाड असायला हवं होतं, नाही? जरा सावली झाली असती."

ठिणगीला आधी ही थट्टा वाटली. आई अशी कोरड्या तोंडाने थट्टा करायची.

"आई, मला खरंच रडू येतंय. आत्ता नको."

"का गं? काय झालं?"

"कोपर कुठे गेलं?"

"कोपर?" आईने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "काय झालंय कोपराला?"

"झाड, आई! कोपर! तुझं झाड! माझ्या जन्माआधीपासून टेकतेस ना त्याला तू? त्याच्याखाली मला चालायला शिकवलंस! एकाही माणसाला काही वाटत नाही, ठीक आहे, लोक मेलेलेच आहेत, पण तू?"

"ओरडू नकोस. लोक बघतात." आईच्या कपाळावर खरोखरची आठी पडली होती. "इथे उताराला मोकळंच आहे की पहिल्यापासून. तू त्या आंदोलनवाल्या मुलींबरोबर फिरतेस, रात्र रात्र जागतेस आणि मग हे असं डोक्यात काहीबाही येतं. मी बोलते मामाशी. चार दिवस सुट्टी घे."

मामाशी! ठिणगी पुन्हा ओरडणार होती, पण तिची नजर आईच्या उजव्या हातावर गेली होती.

आईचा हात खांद्याच्या उंचीवर समोर होता. बोटं पसरलेली, तळवा किंचित मागे दाबलेला, जसा भार टाकल्यावर दाबला जातो. तळव्यासमोर काही नव्हतं.

"हात खाली घे ना, आई."

"हं?" आईने बघितलं. हसली. "सवय आहे गं मला असं उभं राहायची. बरं वाटतं."

आणि वर्तमानपत्राने वारा घेत ती पुन्हा वर बघायला लागली, मान अगदी तशीच. तशीच म्हणजे जशी ठिणगीने काढली होती.

५

दुसऱ्या दिवशी तिने कंपासला धरलं. मामा बाहेर गेला होता, जाताना दारातून ओरडून गेला होता, "माणूस खरवडून ठेव गं, कागदवाला संध्याकाळी येईल."

"कंपास, उतारावरचं मधलं मोठं झाड आठवतं तुला?"

"कुठलं? तिथे तर मोकळंच आहे मधे."

"मामाने सांगितलंय ना असं बोलायला?"

"मामा मला चहा सांगायलासुद्धा विसरतात, झाडाचं कधी सांगणार?"

"तू माझा डबा खायला आला होतास तिथे. उठताना खालची फांदी लागली तुला. हे काय आहे मग कपाळावर?"

कंपासच्या भुवईवर अजून खपली होती. त्याने ती चाचपली. क्षणभर त्याचं तोंड रिकामं झालं, जिना उतरताना पायरी नसावी तसं. मग तो हसला.

"दार लागलं असेल. उंच माणसाला सगळं जगच लागतं."

तो खोटं बोलत नव्हता. तो खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे आणि ते लाल झाले नव्हते. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. खोटं बोलणाऱ्याची गचांडी धरता येते. या लोकांचं काय करायचं? यांच्या डोळ्यांदेखत काहीही उचलून न्यावं आणि यांनी म्हणावं, मोकळंच होतं की. असंच गेलं असेल सगळं, तिला वाटलं. नदीकाठ असाच गेला असेल. डोंगर असेच गेले असतील. कुणीतरी ब्लेड फिरवलं असेल आणि उरलेल्यांना काही हरवल्याचं कळलंही नसेल.

ती कागदासमोर जाऊन उभी राहिली. उजेड मागून येत होता. पांढुरका डाग लांबट होता, ओबडधोबड. ती जागा तिने काल मातीवर बघितली होती.

वेड्यासारखं काहीतरी मनात आलं. तिने ते झटकलं. ते परत आलं. बरं, तिने स्वतःशी वाद घातला, समजा मी वेडी आहे. वेडीने झाड परत काढलं तर कुणाचं काय जातं? उद्याच्या सुनावणीत झाड दिसेल, एवढं तर नक्की. आणि शहाणी असले, तर...

पुढचं तिने मनातसुद्धा पुरं केलं नाही. कागद टेबलावर चिकटवला आणि शाईचं पेन उचललं.

आईची आकृती खरवडायचा प्रश्नच नव्हता. ब्लेड तिने नुसतं बाजूला सारलं.

"घोट गं, घोट," मामा तिच्या डोक्यात म्हणाला. तिला तो स्वच्छ ऐकू आला, चष्मा पुसण्याच्या आवाजासकट. आणि नेमकं त्याच्या आवाजात म्हणून तिने ऐकलं नाही. त्या माणसाचं एकही वाक्य तिला आज ऐकायचं नव्हतं. नखाने घासत बसायला वेळ कुणाला होता? तासाभरात तो कागदवाला दारात उभा राहणार होता. तिने पेन टेकवलं.

६

झाड तिच्या हातात होतं. बुंधा, खोडावरच्या भेगा, कोपर, वरचा पसारा. ती दात आवळून काढत गेली. डाव्या अंगाला उजेड, उजव्या अंगाला सावली. तो नियम हातात इतका मुरलेला की तिने तो पाळला हेही तिच्या ध्यानात आलं नाही. आईचा तळवा जिथे थांबत होता तिथे बुंध्याची कड आणून भिडवली.

"काय फर्स्टक्लास आलंय!" कंपास मागून म्हणाला. "कल्पनेतून काढलंस?"

ती उत्तर देणार तोच रेघेला पहिला केस फुटला.

बुंध्याच्या कडेवर. बारीक, काळा, डोळ्यांसमोर लांबत जाणारा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग सगळी कडच लवलवली, एखाद्या किड्याने पाय पसरावेत तशी. फांद्या सुजल्या. भेगा भरून आल्या आणि बुंधा आतून काळा होत गेला. तिने टिपकागद दाबला. उचलला तर शाई दुप्पट पसरलेली. केस आईच्या तळव्यापर्यंत आले, थांबल्यासारखे झाले आणि मग तळव्याच्या रेघेत शिरले. बोटं गेली. मनगट गेलं.

"ब्लेड! ब्लेड घे!" कंपास ओरडला. "मनगटाशी खरवड, पुढे जाणार नाही!"

तिने ब्लेड उचललं. आडवं धरून आईच्या मनगटावर नेलं. पातं कागदाला टेकणार, तेवढ्यात बोटाला कालची माती आठवली. तिची लव.

हात पुढे जाईना. शाई आईच्या हाताच्या कोपरापर्यंत चढली होती.

"अगं कर ना!"

"नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, नाही." आणि तिने चिकटपट्ट्या टराटरा ओढल्या, कागद टेबलावरून सोडवला, भराभर गुंडाळी केली आणि काखेत मारून दाराकडे धावली.

जिन्यावर असताना तिला कंपासचं ओरडणं ऐकू आलं. तो कठड्यावरून अर्धा बाहेर झुकला होता.

"ओली आहे ती! ओली असताना गुंडाळू नकोस! सगळीकडे लागेल!"

७

झाड परत आलं होतं.

रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच तिला ते दिसलं आणि ती हसली. भर रस्त्यात, दम लागलेला असताना, मोठ्याने हसली. कोपर! तिथेच, मधोमध, आभाळ अडवून उभं. घ्या म्हणावं आता! या घेऊन तुमची यंत्रं! कागदाची गुंडाळी तिने काठीसारखी उंचावली.

मग तिला कळलं की वारा सुटलाय. डावीकडची पोरकट झाडं हलत होती. वाळक्यावरचे पक्षी पिसं फुगवून बसले होते. कोपराचं पानही हलत नव्हतं.

ती हळू चालायला लागली.

संध्याकाळी त्या उतारावर ऊन उजवीकडून येतं. तिने इतके दिवस बसून बघितलं होतं. आत्ताही येत होतं; तिच्या उजव्या गालाला ते लागत होतं. सगळ्या झाडांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या. कोपराची सावली उजवीकडे पडली होती, सूर्याच्या दिशेने, लांबलचक.

त्याला कड नव्हती. झाड जिथे संपायला हवं तिथे संपत नव्हतं. प्रत्येक फांदीतून केस निघाले होते, केसांतून केस, आणि ते हवेत लोंबत नव्हते, हवेत शिरले होते. बुंध्याजवळचं गवत काळं पडलं होतं. बघता बघता आणखी एक पातं काळं पडलं.

आवाज नव्हता. पायांखालचं गवत चुरत होतं त्याचाही आवाज तिथे पोचल्यावर येईनासा झाला.

बुंध्याच्या डाव्या बाजूला, आई जिथे उभी राहायची तिथे, आईची पिशवी पडली होती. पिशवीचा एक पट्टा काळा झाला होता.

ठिणगीने पिशवी उचलली नाही. ती घराकडे पळाली.

८

दार उघडंच होतं. आत नळ वाहत होता.

घर मावळत्या उन्हाने भरलं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट जमिनीवर, टेबलावर, भिंतीवरच्या घड्याळावर. धूळसुद्धा सोन्यासारखी दिसत होती. आई मोरीच्या दाराशी पाठमोरी उभी होती, वाकून हात चोळत.

"आई?"

"आलीस? बरं झालं." आईचा आवाज नेहमीचा होता. खुशीतला. "आधी लाईट लाव गं. किती अंधार झालाय घरात."

ठिणगीने खिडकीकडे बघितलं. उन्हाने तिचे डोळे दिपले.

"आज ना मला तुझं झाड सापडलं," आई हात चोळत म्हणाली. "काल उगीच रागावले तुझ्यावर. आहे की तिथे! एवढं मोठं! मलाच कसं दिसलं नव्हतं कोण जाणे. हात टेकला तर काय, ओलं. कुणी रंगवलं की काय म्हटलं. आता साबण लावला, रॉकेल लावलं, निघतच नाही बघ."

"आई, इकडे वळू नकोस. थांब. मी मामाला बोलावते."

"त्याला कशाला? बिचारा कामात असेल." नळ वाहतच होता. पाणी स्वच्छ पडत होतं आणि स्वच्छच वाहून जात होतं. "आधी नुसता तळवा होता. मग इथपर्यंत आलं. दुखत नाही हं काही. केसासारखं काहीतरी सरकतंय, एवढंच."

उन्हात आईची मान दिसत होती. केसांच्या अंबाड्याखाली, कानामागे, बारीक काळ्या रेघा होत्या. त्यातली एक लांबली. ठिणगीने ती लांबताना बघितली. काखेतली गुंडाळी तिने आणखी घट्ट दाबून धरली, आणि दाबल्यावर तिला कळलं की कागद अजून ओला आहे, आणि मग तिने पटकन दाब सैल केला, पण आई तेवढ्यात "आई गं" म्हणून खांदा चोळू लागली होती.

तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. मामावर, कंपासवर, सुनावणीत बसणाऱ्या त्या टेबलापलीकडच्या लोकांवर. सगळ्यांची तोंडं तिने आठवून बघितली. राग आला नाही. पहिल्यांदाच तिच्या आत कुठेही काही पेटलं नाही.

आई वळली.

ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं. ठिणगीने लगेच जमिनीकडे बघितलं, त्यामुळे तिला फार थोडं दिसलं. डोळे जिथे असतात तिथून दोन्ही बाजूंना पसरत गेलेली काळी लव दिसली. आणि त्याखाली हसणं, ओळखीचं.

"लाईट गेलेत का गं?" आईने विचारलं. मग ती हात पुढे करून, चाचपडत, एकेक पाऊल टाकत तिच्याकडे आली. उन्हातून. "हे बघ, तुझ्याकडे ते ब्लेड असतं ना ऑफिसचं? अर्धं? त्याने निघेल. तू रोज करतेस हे काम."

ठिणगीने मूठ उघडली. ब्लेड मुठीतच होतं. टेबलावरून उचललेलं, जिन्यावरून, रस्त्यावरून, उतारावरून तिने ते तसंच आवळून आणलं होतं. तळव्यात त्याची खोल रेघ उमटली होती आणि रक्ताचा रंग लालच होता.

आईची बोटं तिच्या मनगटाला लागली. ओली होती.

"हलक्या हाताने खरवड," आई म्हणाली आणि मान वर करून उभी राहिली, नेहमीसारखी. "आणि आज तरी घाई करू नकोस, ठिणगे."